पाच टनांचा हिशेब

१८६२ साली बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांनी डभोई ते मियागाम अशी रेल्वे सुरू केली. दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, अडीच फूट, आणि डबे ओढायला बैल. पुढच्या वर्षी ग्लासगोच्या नील्सन कंपनीची वाफेची इंजिनं आली. बैलांची सुटका झाली असं वाटेपर्यंत लक्षात आलं की इंजिनात काही खोट नाही, पण रूळ बैलांच्या बेतानेच टाकलेले आहेत. त्यांना इंजिनाचं ओझं पेलेना. बैल पुन्हा जुंपले गेले. पुढे जड रूळ टाकल्यावर इंजिनं नियमित धावू लागली, आणि त्यात दहा वर्षांहून जास्त काळ गेला.

हसून सोडून द्यावी अशी ही गोष्ट आहे खरी, पण छोट्या रेल्वेच्या छोट्या इंजिनांबद्दल जे काही समजून घ्यायचं ते इथूनच सुरू होतं. आपल्याला वाटतं, काम कमी म्हणून इंजिन लहान. प्रत्यक्षात उलटं होतं. पैसे कमी म्हणून रूळ हलके, रूळ हलके म्हणून इंजिन हलकं, आणि ओढायचा माल मात्र भरपूर. या कात्रीतून वाट काढण्यात शंभर वर्षांपूर्वीच्या इंजिनियर मंडळींनी जे डोकं चालवलं, ते मोठ्या एक्सप्रेस इंजिनांपेक्षा मला तरी जास्त रंजक वाटतं.

आधी रुळांचं बघू. रुळाचं मोजमाप त्या काळी एका यार्डाला किती पौंड, असं करत. बार्शी आणि माथेरान या दोन्ही मार्गांवर सुरुवातीला ३० पौंडी रूळ होते, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो. आज मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो. रूळ म्हणजे दोन स्लीपरांवर, म्हणजे खालच्या आडव्या ओंडक्यांवर, टेकलेली फळीच. चाक मधोमध आलं की ती थोडी वाकते, पुढे गेलं की सरळ होते. फळी किती वाकेल हे वर एकूण किती वजन फिरतंय यावर ठरत नाही. त्या क्षणी त्या जागी किती वजन आहे यावर ठरतं. म्हणून रेल्वेतला कळीचा आकडा इंजिनाचं एकूण वजन हा नसतो. एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, किती वजन येतं हा असतो. रेल्वेवाले त्याला ॲक्सल लोड म्हणतात. तीस टनांचं इंजिन तीन आसांवर उभं केलं तर दर आसाला दहा टन, सहा आसांवर उभं केलं तर पाच. रूळ तेच, इंजिनही तेवढंच जड, पण पहिल्या प्रकारात रूळ वाकडे होतील आणि दुसऱ्यात गाडी सुखरूप जाईल.

शिवाय रूळ हलका केला की त्याची ताकद वजनापेक्षा जास्त वेगाने घटते. वजन निम्मं केलं तर ताकद निम्म्याहूनही कमी उरते. बडोद्याला जे झालं ते यामुळे.

आता बार्शी. कापूस, धान्य, तेलबिया यांची ती मोठी बाजारपेठ, पण मुंबईहून सोलापूरकडे जाणारा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेचा मार्ग तिला टाळून गेला. जवळचं स्टेशन वीस-बावीस मैलांवर. त्याचं नावही बार्शी रोड होतं. आज आपण त्याला कुर्डुवाडी म्हणतो. बार्शीपासून या स्टेशनापर्यंत माल बैलगाड्यांनी जाई. एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनियर १८८२ पासून जीआयपीत नोकरीला होता. एका बाजूला माल आहे, दुसऱ्या बाजूला मोठी रेल्वे आहे, आणि मधल्या तुकड्यासाठी मोठ्या रेल्वेचा खर्च झेपणारा नाही, हे त्याने ओळखलं. नोकरी सोडून त्याने या कल्पनेचा पाठपुरावा केला. १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनीची नोंदणी झाली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. गेज अडीच फूट.

छोट्या रेल्वे तोवर पुष्कळ झाल्या होत्या. वेल्समधल्या फेस्टिनिऑग या दगडखाणीच्या दोन फुटी मार्गावर १८६३ पासूनच वाफेची इंजिनं धावत होती. काल्थ्रॉपचं वेगळेपण एका नियमात होतं: या मार्गावर धावणाऱ्या कुठल्याही वाहनाच्या कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येता कामा नये. इंजिन असो, मालाची वाघीण असो की प्रवासी डबा, सगळ्यांना नियम एकच.

यात काय एवढं विशेष? तर साध्या रेल्वेवर इंजिन सगळ्यात जड असतं. रूळ इंजिनाच्या हिशेबाने टाकावे लागतात आणि मागच्या हलक्या वाघिणींसाठी ते उगाच जास्त मजबूत ठरतात. म्हणजे गाडी जाताना काही सेकंद इंजिनाखाली रूळ पूर्ण ताकद वापरतो आणि उरलेला वेळ आराम करतो. काल्थ्रॉपचं म्हणणं असं, की विकत घेतलेल्या लोखंडाकडून पूर्ण काम करून घ्या. इंजिन पाच टनांवर आणा आणि भरलेली वाघीणही पाच टनांपर्यंत वाढवा. म्हणून त्याच्या वाघिणी चार चाकांच्या चिमुकल्या नव्हत्या. लांब होत्या, बोगीवर (इथे बोगी म्हणजे डबा नव्हे, तर डब्याखालचा चार चाकांचा वळता गाडा) बसवलेल्या होत्या, दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याच्या सांगाड्यावर उभ्या होत्या, त्यामुळे स्वतः हलक्या आणि माल मात्र पोटभर घेणाऱ्या. चार आस गुणिले पाच टन, म्हणजे भरलेली वाघीण वीस टनांपर्यंत. अडीच फुटी मार्गावर तेव्हा ही चैन होती.

आणि इंजिन? लीड्सच्या किटसन कंपनीने बार्शीसाठी जी पहिली इंजिनं बनवली त्यांची चाकं ०-८-४ अशी मांडलेली. हे आकडे कसे वाचायचे ते एकदा कळलं की कुठलंही वाफेचं इंजिन बघायला मजा येते. पहिला आकडा पुढच्या आधाराच्या चाकांचा. मधला ज्यांना वाफ फिरवते त्या चाकांचा. शेवटचा मागच्या आधाराच्या चाकांचा. म्हणजे इथे पुढे काही नाही, मधे आठ चाकं दांड्यांनी एकमेकांना जोडलेली, आणि मागे चार चाकांची बोगी. एकूण बारा चाकं, सहा आस. पाच टनांच्या नियमाने इंजिन जास्तीत जास्त तीस टनांचं होऊ शकतं.

मधल्या चाकांना जोडणारे ते बाहेरचे दांडे कशासाठी, हा प्रश्न लहानपणी आपल्याला पडलेला असतो आणि तिथेच राहून गेलेला असतो. त्यांचं उत्तर घर्षणात आहे. इंजिनात कितीही वाफ असो, गाडी पुढे जाते ती चाक रुळाला धरून ठेवतं म्हणून. लोखंडावर लोखंड, तेही गुळगुळीत. कोरड्या रुळावर चाक त्याच्यावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकं ओढू शकतं. त्याहून जास्त जोर लावला की ते जागच्या जागी गरगर फिरतं. एकाच आसाला वाफेचा जोर दिला तर पाच टनांचा चौथा हिस्सा, म्हणजे सव्वा टन ओढ मिळेल. दांड्यांनी चार आस जोडले की वीस टनांचा चौथा हिस्सा, पाच टन ओढ. वजन वाढवायला बंदी आहे ना, मग ओढणारी चाकं वाढवा. हलक्या रुळावर ताकदवान इंजिन मिळवण्याची हीच युक्ती.

पण आठ चाकं जोडून टाकली की बाकीचं सामान ठेवायचं कुठे? वाफेच्या इंजिनात तीन गोष्टी जागा खातात: बॉयलर, कोळसा आणि पाणी. मोठ्या इंजिनाच्या मागे टेंडर नावाची कोळसा-पाण्याची वेगळी गाडी असते. छोट्या मार्गावर ती नकोशी. एक तर तिचं वजन ओढायला लागतं आणि ते वजन घर्षणाच्या कामी येत नाही. दुसरं म्हणजे शेवटच्या स्टेशनावर इंजिन उलटं फिरवायला टर्नटेबल लागतं, आणि छोट्या कंपनीकडे त्याला पैसे नसतात. म्हणून टाकी इंजिनावरच चढवायची. बॉयलरच्या दोन्ही बाजूंना बसवली की साईड टँक, बॉयलरवर खोगिरासारखी टाकली की सॅडल टँक. दार्जिलिंगच्या प्रसिद्ध निळ्या इंजिनांची पाठ फुगीर दिसते ती या खोगिरी टाकीमुळे. असं इंजिन पुढे-मागे दोन्हीकडे सारखंच धावतं.

या सोयीची एक गंमत आहे. पाणी म्हणजे वजन, हजार लिटरला एक टन. निघताना टाकी भरलेली असते, चाकं रुळाला घट्ट धरतात. वरपर्यंत जाताजाता टाकी रिकामी होत येते, इंजिन हलकं होतं आणि पकडही सैल होते. चढाचा शेवटचा टप्पा अवघड असेल तर इंजिन नेमकं तिथेच हलकं झालेलं असतं.

आणि पाणी लागतंही बेसुमार. एक किलो कोळशावर साधारण सहा-सात किलो पाण्याची वाफ होते. ती सिलिंडरमध्ये जाते, दट्ट्या ढकलते आणि धुराड्यातून आकाशात निघून जाते. एकदा वापरलेली वाफ परत मिळत नाही. पण ती फुकटही जात नाही. धुराड्यातून जोरात बाहेर पडताना ती भट्टीतली गरम हवा आपल्याबरोबर ओढून नेते, त्यामुळे कोळशाखालून नवी हवा आत येते आणि आग भडकते. चढावर इंजिन जास्त वाफ वापरतं, म्हणून धुराड्यातला फुत्कार जोरदार होतो, म्हणून आग जास्त पेटते, म्हणून जास्त वाफ तयार होते. सपाटीवर हे सगळं आपोआप मंदावतं. या यंत्रातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट हीच. कुठलंही बटण नाही, तरी भुकेप्रमाणे चूल पेटते. फायरमनला फक्त कोळसा घालत राहायचं, अर्थात ते ‘फक्त’ चाळीस अंशांच्या उन्हात भट्टीच्या तोंडाशी उभं राहून करायचं.

भट्टीचीही अडचण होती. चाकांमधलं अंतर अडीच फूट, त्यात सांगाड्याच्या जाडजूड पट्ट्या. मधे भट्टी बसवली तर ती अरुंद होते आणि अरुंद भट्टीत पुरेशी आग मावत नाही. यावर दोन उपाय होते. सांगाडा चाकांच्या बाहेरून न्यायचा, म्हणजे मधे जागा मोकळी होते. किंवा भट्टी ओढणाऱ्या चाकांच्या मागे सरकवायची आणि तिच्या खाली लहान चाकं द्यायची. मागे बोगी असलेल्या इंजिनात तिच्या चाकांवर भट्टीचा आणि कोळशाचा भार टाकता येतो, आणि पाच टनांचा नियमही मोडत नाही.

चाकांचा आकारही मुद्दाम लहान. सायकलचा हलका गिअर टाकल्यासारखं ते आहे: पाय जास्त वेळा फिरवायचे, चढ सोपा करायचा. चाक लहान असलं की वाफेच्या प्रत्येक धक्क्याला गाडी थोडीच पुढे जाते, पण जोर जास्त मिळतो. वेग मिळत नाही, आणि या मार्गांवर तो हवाही नसतो. आता आवाजाचा हिशेब करून बघा. दोन सिलिंडर, प्रत्येकात दट्ट्या दोन्ही बाजूंनी ढकलला जातो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात चार ‘झुक’. समजा चाक पाऊण मीटर व्यासाचं आहे आणि गाडी ताशी १५ किलोमीटरने चालली आहे. मिनिटाला शंभराहून थोडे जास्त फेरे होतात, म्हणजे सेकंदाला सात झुक. छोटी गाडी रमतगमत जात असतानाही तिचं इंजिन धापा टाकल्यासारखं का वाटतं, ते यावरून कळेल.

बार्शी मार्ग तसा पठारावरचा. इंजिनाची खरी परीक्षा घाटात. नेरळहून माथेरानला जाणारी दोन फुटी गाडी १९०७ साली सुरू झाली. सर आदमजी पीरभाई यांनी सोळा लाख रुपये घातले, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी बांधकाम करून घेतलं, आणि सल्लागार इंजिनियर होता आपला तोच काल्थ्रॉप. सुमारे वीस किलोमीटरमध्ये गाडी साडेसातशे मीटरच्या आसपास चढते. सगळ्यात तीव्र चढ वीसला एक, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर.

पायी चालणाऱ्याला हा चढ जाणवतो न जाणवतो. रेल्वेला तो फार होतो. सपाटीवर एक टन ओढायला दहा किलोचा जोर पुरतो असं धरू. वीसला एकच्या चढावर त्याच टनाला वर उचलण्यासाठी आणखी पन्नास किलो लागतात. एकूण साठ, म्हणजे सहापट. आता समजा वीस टनांचं इंजिन आहे आणि त्याचं सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर आहे. पाचव्या हिश्श्याची पकड धरली तर चार टन ओढ. चार हजार भागिले साठ म्हणजे सहासष्ट टन. त्यातून इंजिनाचे स्वतःचे वीस वजा करा, कारण तेही चढायचं आहे. उरले सेहेचाळीस. आणि रुळावर दंव किंवा पाऊस पडला, पकड दहाव्या हिश्श्यावर आली की ओढ दोन टन, एकूण तेहतीस टन, आणि इंजिन वजा जाता मागे तेरा टन. एवढ्यात डबा-दोन डबेच बसतील. वळणांवर चाकं रुळाला घासतात, ते तर अजून धरलेलंच नाही. अशा वेळी चाकांपुढे वाळू सोडतात. इंजिनावर वाळूची पेटी असते ती शोभेला नाही.

माथेरानची दुसरी अडचण वळणं. अरुंद जिन्याच्या वळणावरून ज्यांनी खाट वर नेली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. चारही पाय घट्ट असलेली लांब वस्तू वळत नाही, अडकते. दांड्यांनी जोडलेल्या चाकांचं इंजिन म्हणजे अशीच खाट. सगळे आस एकमेकांना समांतर राहायलाच हवेत, नाहीतर दांडे मोडतील. चाकं कमी केली तर वळणं सोपी होतील, पण मग पकड गेली आणि एका आसावरचं वजन वाढलं. म्हणजे पुन्हा तीच कात्री.

माथेरानसाठी जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कॉपेल कंपनीने चार इंजिनं दिली, ०-६-० मांडणीची, म्हणजे सहाच्या सहा चाकं ओढणारी. त्यांत क्लीन-लिंडनर नावाची रचना वापरलेली होती. पहिला आणि तिसरा आस दुहेरी. आत एक भरीव आस, तो सांगाड्यात पक्का, दांड्यांना जोडलेला, बाकीच्यांना कायम समांतर. त्याच्यावर एक पोकळ नळी, आणि चाकं या नळीच्या टोकांना. नळी आतल्या आसाला मधोमध एका गोलाकार सांध्यावर धरलेली असते. आतला आस फिरला की सांधा नळीलाही फिरवतो, पण नळीला थोडं तिरकं व्हायची, थोडं बाजूला सरकायची मोकळीक असते. बांगडी मनगटावर कशी फिरते आणि तिरकी होते, तसं काहीसं. फक्त इथे मनगट बांगडीला फिरवतही असतं. त्यामुळे दांड्यांना वाटतं सगळे आस सरळ आहेत, आणि चाकं मात्र रुळाबरोबर वळलेली असतात. ही रचना झिजते, तिची देखभाल कटकटीची, हे खरंच. पण त्या वळणांवर सहाही चाकांची ताकद वापरायची तर दुसरे मार्ग याहून महाग होते.

वर चढणाऱ्याला पाणी लागतं हे मघाशी आलंच. नेरळ-माथेरान मार्गावर वॉटर पाईप नावाचं एक स्टेशन आहे, त्या नावात वाफेचा जमाना अजून शिल्लक आहे. उतरताना प्रश्न उलटा. तेव्हा ओढायचं नसतं, थोपवायचं असतं, आणि एकट्या इंजिनाचे ब्रेक लावून मागच्या डब्यांचा रेटा अडत नाही. म्हणून डब्याडब्याला ब्रेकवाला असे, आणि इंजिनाच्या शिटीच्या इशाऱ्यावर हाताने ब्रेक आवळी.

इकडे बार्शी लाईट वाढत गेली. १९०६ साली पंढरपूर, १९११ साली लातूर, १९२७ साली मिरज. एकूण सव्वातीनशे किलोमीटर, आणि वारीच्या दिवसांत वारकऱ्यांची तोबा गर्दी. आपल्या भागात शिकलेला धडा परत विलायतेलाही गेला. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये १९०४ साली लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे सुरू झाली, तिचा इंजिनियरही काल्थ्रॉप. तिथली दोन इंजिनंही किटसनचीच, बार्शीच्या घराण्यातली. पुढे मोठाले दिवे लावलेले, जे हिंदुस्थानात गुरं ओलांडणाऱ्या मार्गावर शोभले असते. त्यातल्या एका इंजिनाला काल्थ्रॉपचं नावही दिलं होतं.

पण या सगळ्या हिशेबात एक खर्च निसटला होता, आणि तोच पुढे अंगाशी आला. छोट्या गाडीने आणलेला माल कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत चढवावा लागे. पोतं न् पोतं हमालांच्या पाठीवरून. रुळात वाचलेले पैसे दर फेरीला थोडे थोडे तिथे जात. काल्थ्रॉपला हे कळत नव्हतं असं नाही. मॅनिफोल्डवर त्याने अशा खास वाघिणी ठेवल्या होत्या की मोठ्या गेजची वाघीण मालासकट त्यांच्या पाठीवर चढवून छोट्या रुळावरून न्यायची. कल्पक होतं, तरी ती रेल्वे १९३४ साली बंद पडली आणि तिच्या जागेवर आता पायवाट आहे. बार्शी लाईट १९५४ साली सरकारने विकत घेतली आणि पुढे हा मार्ग ब्रॉडगेज झाला. आता पंढरपूरची गाडी बदलायला कुर्डुवाडीला उतरावं लागत नाही.

माथेरानची वाफेची इंजिनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. चारपैकी एक पुढे इंग्लंडला गेलं. डिझेल इंजिनाला ना पाण्याची टाकी लागते ना भट्टी, तेव्हा तिथे मोठं इंजिन आणायला हरकत नव्हती असं कुणालाही वाटेल. पण घाटातली वळणं तीच आहेत, चढही तोच, आणि रूळही दोन फुटीच. नवीन इंजिनंही आली ती छोटीच.